डावीकडून सातवी सळई

कँपात, जुन्या बेकरीच्या जागेवर
आल्वितो पिंटोनं अर्जेंटिना थाटलंय.
वीस वर्षं जहाजावर कुक होता.
तिकडच्या कुठल्याशा बंदरात बोट आठ महिने अडकली
तेव्हा शिकला म्हणे,
निखाऱ्यावर मांस घाई न करता कसं भाजायचं.

जाळी आम्ही ओतली त्याची.
साडेतीन बाय दोन, वीस सळया, कास्ट आयर्न.
म्हणून आज आम्हा तिघांना जेवण.

दस्तगीर अत्तर लावून आला.
इराप्पानं नखं रॉकेलनं धुतली होती
तरी कडेची काळी रेघ राहिलीच;
ती जाते रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी.
पाटीवर कन्नड मोठं, इंग्रजी बारीक,
मराठी आहे का बघायला दस्तगीर रस्ता ओलांडून गेला
आणि हसत परत आला:
"खाली स्पॅनिश हाय. तिच्यासाठी मोर्चा न्हाई निघायचा."

वेटर मणिपूरचा. हा कन्नडात बोलेल की मराठीत
या घोळात न पडता
हिंदीत पाणी विचारून गेला.

मेनूतून अर्जेंटिनाची सगळी गुरं गाळलेली.
उरलं मटण, कोंबडी,
चोर्ल्याच्या घाटानं चढून आलेला मासा,
आणि इराप्पासाठी जाडजूड चीज,
तेही जाळीवरच, काळ्या रेघा उमटेपर्यंत.
"भाकरी मिळंल काय?" त्यानं विचारलं.
मिळाली नाही. पाव मिळाला.
हिरव्या चटणीत तो बुडवत म्हणाला,
"लसूण भरपूर घातलाय, मिरचीला मात्र भ्यालाय गडी."

मी खात होतो, पण लक्ष जाळीवर.
काचेपलीकडे ती, लालभडक नाही, नुसती तापलेली.
लोखंड पातळ करून ओतणाऱ्या माणसांना
असला जाळ म्हणजे शेकोटी.
पण डावीकडून सातव्या सळईला, खालच्या अंगानं,
एक पोकळी आहे. हरभऱ्याएवढी.
साचा ओला राहिला होता त्या दिवशी.
मी बघितली, आणि उलटी ठेवली.
डिलिव्हरी दुपारी होती.

चरबी नेमकी तिथंच जमून ठिबकायची.
प्रत्येक थेंबाला एक भडका.
पिंटो चिमट्यानं तुकडे तिकडं सरकवत होता,
जणू त्याला ती जागा आवडते.
"बघा, इथं रंग लवकर येतो," म्हणाला.
मटण चांगलं होतं. मला गिळायला वेळ लागला.

शेवटी वाटीत आटवलेलं तपकिरी दूध.
इराप्पानं बोटानं चाटून पाहिलं.
"कुंदाच की हा!
पुरा व्हायच्या आत उतरवलाय कुणीतरी,
बस चुकंल म्हणून."
पिंटो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची मॅडम वळली.

निघताना दारात म्हणाला,
हुबळीला पाव्हण्याचं हॉटेल आहे, तसलीच एक जाळी पाहिजे,
अगदी तसलीच.

तिघं एका गाडीवर. मी मधे.
तिसऱ्या गेटाजवळ पुलाखाली दस्तगीरनं गाडी थांबवली,
सिगरेटसाठी.
मी म्हणालो, इराप्पा, ती सातवी सळई...
"म्हाइत हाय."
तो अंधारात मालगाडीचे डबे मोजत होता.
"मीच लांबी भरलो तिला. मेणाची.
पहिल्याच जाळात वितळून गेली असंल."

दस्तगीर काडी विझवत म्हणाला,
"आणि वजनाच्या पावतीवर सही कुणाची हाय?
माझी."

डबे संपेनात.
कुणाच्या तरी शर्टाला धुराचा वास येत होता,
आमच्या नेहमीच्या धुराचा नाही, दुसरा, गोडसर.

गाडी गेली. फलाटाच्या बाजूनं कुत्रं भुंकलं.
इराप्पा मागच्या सीटवर चढता चढता म्हणाला,
"ह्या वेळी वाळू आदल्या दिवशीच पसरूया,
उन्हात."